रायफलीची नळी किती दिवसांनी साफ करायची? घरात दोन मतं आहेत

उशिराचा_शिकारी

मंडळी, नमस्कार. शिकारीचा परवाना काढला तेव्हा एकेचाळीस पूर्ण झाले होते, म्हणून हे नाव. रायफल .३०८ची, साधी बोल्टवाली, म्हणजे खिट्टी हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची, कारखान्यातून आली तशीच आहे. दोन हंगाम झाले. काडतुसांचे रिकामे डबे टाकलेले नाहीत, त्यावरून हिशेब लावला तर १४० गोळ्या झाडल्यात. त्यातल्या शिकारीत फक्त तीन, बाकी सगळ्या कागदावर.

प्रश्न नळीच्या सफाईचा आहे. सासरे जुने शिकारी. त्यांचा नियम असा की एक गोळी झाडली तरी घरी आल्यावर पहिलं काम नळी, आणि चिंदी पांढरीशुभ्र निघाल्याशिवाय रायफल कपाटात जाणार नाही. रेंजवरचा माझा मित्र याच्या बरोबर उलट बोलतो. म्हणे, नळ्या गोळ्यांनी कमी आणि सफाईचा गज घासून जास्त मरतात. ग्रुप, म्हणजे कागदावर गोळ्यांचा पडणारा पुंजका, फाकेपर्यंत हात लावू नकोस.

गेल्या महिन्यापर्यंत मी सासऱ्यांचं ऐकत होतो. घरात शांतता राहते. मग हे झालं: शिकारीच्या आदल्या रात्री दीड तास बसून नळी घासली. ब्रश, सॉल्व्हंट, चिंद्या, पुन्हा ब्रश, शेवटी तेलाची चिंदी. सकाळी १३० मीटरवर हरीण, आडवं उभं, रायफल तिकाटण्यावर टेकवलेली. खांद्यामागे नेम धरला आणि गोळी पाठीवरून गेली. मागच्या ओंडक्याची साल उडालेली नंतर जाऊन पाहिली. रक्ताचा थेंब नाही, केस नाहीत. तेवढंच समाधान की जनावर जखमी होऊन गेलं नाही.

दुपारी रेंजवर जाऊन १०० मीटरवर तीन गोळ्या मारल्या. तिन्ही जागच्या जागी, एका डबीखाली झाकतील अशा. म्हणजे दुर्बीण हललेली नाही. मग सकाळची ती एकटीच कुठे गेली? सफाईमुळे गेली का? आणि तसं असेल तर नळी साफ करायची तरी कधी?

सासऱ्यांना हा धागा दाखवणार आहे, तेव्हा जरा जपून लिहा.

खाकी_पुलथ्रू

सासरे बरोबर आहेत, विषय संपला. फौजेत आमच्याकडे फायर झालं की त्याच दिवशी सफाई, आणि पुढचे दोन दिवस परत सफाई, नळी वापरली नसली तरी. उस्ताद चेंबरमध्ये, काडतूस बसतं तिथे, करंगळी घालून बघायचे. नखाला काळं लागलं तर रविवार गेला. माझी आत्ताची रायफल सव्वीस वर्षांची आहे आणि नळीत तोंड दिसतं.

वहीवाला

तोंड दिसतं हे खरं असेल, पण चकाकी आणि नेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, खाकीभाऊ. त्या तीन दिवसांमागे काय होतं ते खाली लिहितो.

उशिराचे शिकारी, तुमचे सासरे गंजाबद्दल बोलतायत आणि मित्र तांब्याबद्दल. दोघांना वाटतंय विषय एकच आहे.

नळीत गोळीनंतर उरतं काय ते आधी बघा. एक म्हणजे दारूची काजळी, कार्बन. दुसरं तांबं. गोळीवरचं कवच बहुतेक वेळा तांब्यात थोडं जस्त मिसळून केलेलं असतं, आणि रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळाच्या, कंगोऱ्यांवरून रेटलं जाताना त्याचा पातळ थर पोलादावर पुसला जातो. तिसरी गोष्ट गोळीतून येत नाही, हवेतून येते: ओल. या तिघांची घाई सारखी नसते. ओलीची घाई तासांत मोजायची. काजळीची आठवड्यांत. तांब्याची घाई दिवसांत मोजतच नाहीत, गोळ्यांत मोजतात.

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे प्रायमरमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. आपल्या मिठाचाच भाऊ. हवेतलं पाणी ओढून घेतो आणि पोलाद एका रात्रीत लाल करतो. तीन दिवस सलग सफाईची शिस्त त्या मिठासाठी होती. आज दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या शिकारी काडतुसात ते मीठ नसतं. सवय उरली, कारण गेलं. वाईट सवय नाही म्हणा, पण तिच्यापायी दर वेळी ब्रश फिरवून नळी पार कोरी करायची गरज नाही.

माझ्याकडे .३०-०६ आहे, तिची ही तिसरी वही चालू आहे. झाडलेली प्रत्येक गोळी लिहितो. बायको म्हणते, घरखर्च असा लिहिला असता तर. त्या वहीतून सांगतो. पूर्ण सफाईनंतरच्या पहिल्या दोन गोळ्या कधी वर, कधी डावीकडे. तिसरीपासून ग्रुप बसतो, १०० मीटरवर पाच गोळ्या तीन सेंटिमीटरच्या आसपास. हे साधारण नव्वद-शंभर गोळ्यांपर्यंत टिकतं. मग हळूहळू साडेचार होतात, एखादी गोळी उगाच बाहेर पळते. तेव्हा तांबं काढतो. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. घरात दुसरी ७ मिमी मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाची, आहे, ती पस्तीस-चाळीसलाच कुरकुरते. दोन्ही नळ्या तशा बऱ्या, पण मॅग्नमच्या आत कारखान्यातल्या हत्याराच्या आडव्या खुणा राहिल्यात. कानशीच जणू. दर गोळीचं थोडं तांबं खरवडून घेते. म्हणून "किती गोळ्यांनी" या प्रश्नाला दुसऱ्याच्या रायफलीवरून उत्तर देता येत नाही. तुमच्या कागदावरून देता येतं. सलग तीन वेळा रेंजवर पाच-पाच मारा, तारीख आणि एकूण आकडा लिहा, कागद जपून ठेवा. आकडा आपोआप दिसेल.

आता तुमचं हरीण. तेलाची चिंदी फिरवून तशीच रायफल नेलीत, तिथेच चूक झाली. पहिली गोळी तेलाच्या थरावरून गेली, घर्षण वेगळं, वेगही थोडा वेगळा. शिवाय चेंबरमध्ये तेल राहिलं असेल तर पितळी कवच भिंतीला नीट धरत नाही आणि बोल्टवर नेहमीपेक्षा जास्त धक्का येतो. ते नेमापेक्षा वाईट. हंगाम लागला की क्रम उलटा करा: आधी सफाई, मग रेंजवर तीन-चार गोळ्या मारून नळी "काळी" करायची, आणि त्याच अवस्थेत हंगामभर ठेवायची. पाऊस लागला नाही तर मी हंगाम संपेपर्यंत ब्रश बाहेर काढत नाही. नुसती कोरडी चिंदी, ओल आहे का बघायला. तेलाची फिरवलीच तर निघायच्या आधी दोन कोरड्या चिंद्या, चेंबर वेगळं पुसून.

पण एक सांगतो, रागावू नका. तेलाने माझ्याकडे आजवर जास्तीत जास्त सहा-सात सेंटिमीटर फरक पडलाय. खांद्यामागे धरलेली गोळी पाठीवरून जायला वीस तरी लागतात. उरलेले तेरा तुमचे.

उशिराचा_शिकारी

वहीवाले, तेरा सेंटिमीटर जिव्हारी लागले. पण खरं असेल. चाप ओढताना डोळे मिटले की काय, आता आठवतही नाही.

दोन शंका. सासऱ्यांच्या "पांढऱ्या चिंदी"पर्यंत मी कधी पोचतच नाही. अमोनियावाला सॉल्व्हंट वापरतो, चिंदी निळी निघते, म्हणून पुन्हा लावतो, पुन्हा निळी. एकदा सोळा चिंद्या मोजल्या. इतकं तांबं १४० गोळ्यांत?

दुसरं म्हणजे, पावसात भिजल्यावर घरी आल्या आल्या नेमकं काय करता?

वहीवाला

गजाच्या टोकाला चिंदी ज्या खुंटीवर अडकवता ती जॅग पितळेची आहे ना? आणि ब्रश ब्राँझचा? अमोनियाला नळीतलं तांबं आणि तुमच्या जॅगमधलं तांबं यातला फरक कळत नाही. तुम्ही सोळा चिंद्या जॅगच साफ करत होतात. निकेलचा मुलामा दिलेली किंवा प्लास्टिकची जॅग घ्या, आणि सॉल्व्हंट लावलेल्या नळीत ब्राँझ फिरवला असेल तर तो निळा रंग मोजू नका. मलाही हे कळायला चार वर्षं लागली.

अमोनियावाली औषधं बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ नळीत ठेवायची. रात्रभर भिजत घालून झोपायचं नाही. खिडकी उघडी हवी, हातमोजे हवेत. नंतर साध्या सौम्य सॉल्व्हंटची चिंदी फिरवून ते धुवून काढायचं, मग कोरडी, मग तेल. मी रोजच्या कामाला हॉप्पीज नंबर ९ वापरतो. शंभर वर्षांहून जुनं, हळू चालतं, पण नळीत विसरलं तरी माझ्याकडून आजवर नुकसान झालेलं नाही. त्याचा तो पिकल्या केळ्यासारखा वास मला आवडतो हेही एक कारण आहे, लपवत नाही.

पांढरी चिंदी हे मोजमाप मी सोडून दिलंय. ग्रुप परत तीनवर आला की थांबतो, मग चिंदीवर फिकट निळं असलं तरी असो. उरलेला तो पातळ थर पोलादातल्या बारीक खाचा भरून बसलेला असतो. तो काढलात तर पुढच्या दोन-तीन गोळ्या तोच थर परत बसवण्यात जातात, आणि त्या दोन-तीनमधली पहिलीच हरणावर गेली तर काय होतं ते तुम्ही पाहिलंय.

भिजल्यावर: काडतुसं काढा, मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबरमधून डोळ्यांनी आरपार उजेड बघा. दर वेळी. मग कोरड्या चिंद्या, ओल येईनाशी होईपर्यंत, सहसा तीन-चार. मग तेलाची एक. पण रायफल लगेच बंद पेटीत घालू नका. थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या पोलादावर चष्म्यासारखीच वाफ धरते, आत-बाहेर दोन्हीकडे. तासभर उघडी राहू द्या, मग पुन्हा पुसा. मी तर एकदा पुसून, जेवून, परत पुसतो. चामड्याच्या म्यानात रायफल कधीही ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात राहतात. न्यायला ठीक, साठवायला नाही. नळी आणि दस्त्यामधल्या फटीत पाणी बसतं, तिथे कागदाची पट्टी सरकवून बघा. दस्ता उघडलात तर स्क्रू पुन्हा आवळल्यावर कागदावर नेम तपासल्याशिवाय शिकारीला जाऊ नका.

पावसात जायचंच असेल तर नळीच्या तोंडावर वायरिंगची चिकटपट्टी लावतो, एकच थर, आडवी. गोळीच्या पुढे नळीतली हवा दाबली जाते ती पट्टी आधीच उडवते. नेमात फरक मला कधी दिसला नाही.

बावीसची_ताई

सगळे मोठ्या काडतुसांबद्दल बोलताय, म्हणून माझं वेगळं. मी .२२ने स्पर्धा खेळते, आणि सशांवर वगैरे जायचं तर तीच रायफल. माझी नळी मी दोन-दोन हजार गोळ्या साफ करत नाही. ऐकून लोक दचकतात.

.२२ची नेहमीची गोळी नुसत्या शिशाची, वर मेणासारखं वंगण. वेग कमी, तांब्याचं कवच नाही, उष्णता नावाला. तेच वंगण नळीत एकसारखं पसरतं आणि नळी त्यावरच चांगली चालते. मी एकदा उत्साहात पूर्ण कोरी केली होती, स्पर्धेच्या दोन दिवस आधी. पंचवीस-तीस गोळ्या जागेवर येईपर्यंत जीव टांगणीला. काडतुसाची कंपनी बदलली तरी तसंच होतं, वंगण बदलतं ना.

पण "साफ करत नाही" म्हणजे काहीच करत नाही असं नाही. चेंबरच्या पुढच्या टोकाला, जिथे पितळ संपून शिसं सुरू होतं, तिथे काजळीचं कडक कडं तयार होतं. काडतूस शेवटचे दोन मिलिमीटर दाबून घालावं लागायला लागलं की समजायचं. तेवढा भाग मी दर तीन-चारशे गोळ्यांनी सॉल्व्हंट लावून, दहा मिनिटं थांबून, ब्रशने काढते. फक्त तेवढाच. बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे रिकामं कवच बाहेर ओढणारा, आकडा मात्र प्रत्येक सरावानंतर. माझ्या बंद पडलेल्या गोळ्यांपैकी नळीमुळे एकही नव्हती, सगळ्या बोल्टमधल्या घाणीमुळे. तुम्हा मोठ्या रायफलवाल्यांचंही तेच असणार, तुम्ही फक्त नळीकडे बघत बसता.

उशिराचे शिकारी, तुमच्या १४० गोळ्यांना माझा नियम लावू नका मात्र. तांब्याचं कवच आलं की वहीवाल्यांचं ऐका.

जुनी_लाकडी

वहीवाल्यांनी मिठाचं लिहिलंय त्यावर माझा अनुभव, कारण तो महागात पडलाय.

माझ्याकडे जुनी लष्करी बोल्ट रायफल आहे, दस्ता अक्रोडाचा, नळी तेव्हा सुंदर होती. स्वस्त जुनी लष्करी काडतुसं मिळाली म्हणून एक दुपार चाळीस झाडली. घरी येऊन सफाई केली, अगदी मन लावून. चांगला सॉल्व्हंट, ब्रश, चिंद्या पांढऱ्या, भरपूर तेल. सासऱ्यांनी पाठ थोपटली असती अशी. तीन आठवड्यांनी काढली तर नळीत तपकिरी भुकटी. घासली. खाली बारीक खड्डे, कायमचे.

माझं चुकलं कुठे ते नंतर कळलं. मीठ तेलात विरघळत नाही, आणि पेट्रोलसारख्या सॉल्व्हंटमध्येही नाही. पाण्यात विरघळतं. मी काजळी काढली आणि मिठावर तेलाचं पांघरूण घातलं. आता जुनी काडतुसं वापरली की त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, चेंबरमधून नरसाळ्याने कढत पाणी ओततो, नळीचं तोंड बादलीत खाली. दोन किटल्या. पाणी गरम असलं की नळी तापते आणि उरलेली ओल लवकर वाळते. मग कोरड्या चिंद्या, मग नेहमीचा सॉल्व्हंट, मग तेल. बोल्टचं तोंडही पाण्याने धुतो, तिथेही तीच राख उडते. डब्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर जुनं लष्करी काडतूस मिठाचंच आहे असं धरून चाला.

काळ्या दारूच्या बंदुका वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यांचं सगळं आयुष्य किटलीजवळ जातं.

तर खाकीभाऊ, तुमचे उस्ताद वेडे नव्हते.

खाकी_पुलथ्रू

वेडे नव्हतेच. पाण्याचं मात्र आम्हाला कुणी कारण सांगितलं नाही, नुसतं "उकळतं पाणी आणा" म्हणायचे. पंचवीस वर्षांनी इथे कळलं, धन्यवाद.

एक विचारतो. हल्ली मोबाइलला जोडायची ती आत बघायची कॅमेऱ्याची कांडी मिळते. घ्यावी का?

वहीवाला

बोअरस्कोप? मी घेतला. न घ्याल तर झोप चांगली लागेल. उत्तम ग्रुप देणारी माझी .३०-०६ आतून बघितली तर चेंबरच्या पुढचा भाग उन्हाळ्यात तडकलेल्या तळ्यासारखा दिसतो. गरम वायूंनी पोलाद असंच भेगाळतं, ते साफ करून जात नाही. पहिल्या महिन्यात मी त्या भेगा मळ समजून अपघर्षक पेस्ट लावून घासत बसलो. ग्रुप सुधारला नाही, नळी मात्र तेवढी झिजली. आता तो फक्त एका कामाला वापरतो: काजळीचं ते कडं, ताई म्हणाल्या ते, मॅग्नममध्ये बसलंय का बघायला. तिथे कडं जाड झालं तर दाब वाढतो, तेव्हा ते काढावंच लागतं.

आणि गोळीचा प्रकार बदललात तर हेही लिहून ठेवा. मी मध्ये शिशाऐवजी पूर्ण तांब्याच्या गोळ्यांवर गेलो, जुन्या कवचाच्या थरावरच. वीस गोळ्या ग्रुपच बसेना, वाटलं गोळ्याच भिकार. मग नळी पूर्ण साफ करून परत सुरुवात केली आणि पाचव्या गोळीला बसला. पूर्ण सफाईला माझ्या मते याहून चांगलं निमित्त नाही.

उशिराचा_शिकारी

दोन आठवडे गायब होतो, प्रयोग करत होतो. लिहितो.

एकाच कागदावर पाच काळे ठिपके काढले, १०० मीटर, वाळूच्या पिशव्यांवर रायफल. वेगवेगळ्या दिवशी चार वेळा रेंजवर गेलो. दोन दिवशी घरून तेलाची नळी नेली, दोन दिवशी कोरडी करून नेलेली. दर वेळी आधी पूर्ण सफाई. पहिली गोळी पहिल्या ठिपक्यावर, दुसरी दुसऱ्यावर, असं, म्हणजे कुठली कितवी ते मिसळणार नाही. गोळ्यांमध्ये नळी थंड व्हायला दहा-दहा मिनिटं. घरच्यांना सांगितलेल्या वेळेपेक्षा दर वेळी दोन तास उशीर.

तेलाच्या नळीची पहिली गोळी: एकदा सात सेंटिमीटर वर आणि थोडी डावीकडे, दुसऱ्यांदा साडेपाच वर. दुसरी गोळी तीन सेंटिमीटर वर. तिसरीपासून सगळं नेहमीच्या जागी. कोरड्या केलेल्या कोऱ्या नळीची पहिली: अडीच वर, आणि दुसऱ्या दिवशी दोन. तिथेही तिसरीला जागेवर. पाचव्या दिवशी काहीच साफ न करता गेलो, आदल्या दिवसाची काळी नळी तशीच. पहिलीच गोळी जागेवर.

वहीवाले, तेलाचे सात धरले तर तुमचा हिशेब बरोबर निघतो. १३० मीटरवर ते नऊ होतील, म्हणजे माझ्या नावावर अकरा. तेरावरून अकरावर आलोय, तेवढी सवलत घेतो. ती अकरा कशी कमी करायची त्यासाठी आता रिकाम्या रायफलीवर चाप ओढायचा सराव रोज वीस वेळा चालू केलाय.

कागद सासऱ्यांना दाखवला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आम्ही पहिली गोळी नेहमी दगडावर मारायचो, कॅम्पवर पोचलो की." मी विचारलं, का? तर म्हणे, "आमचे वडील मारायचे." म्हणजे तेल जाळायची ती गोळी त्यांच्याकडे होती, मला सांगायची राहिली. दीड तास सफाई तेवढी जशीच्या तशी शिकवली.

तडजोड अशी झाली आहे: पाऊस किंवा धुकं असलं तर त्याच रात्री कोरड्या चिंद्या आणि तेल, यात ते हलणार नाहीत आणि मीही हलवणार नाही. तांबं मी कागद बघून काढणार. आणि हंगामाच्या आधी तेल पुसून चार गोळ्या रेंजवर, दगडावर नाही.

बावीसची_ताई

दगडावर मारू नका हे बरं झालं, उसळून कुठे जाईल सांगता येत नाही.

एक राहिलं विचारायचं. तुम्ही गज कुठून घालता, मागून की तोंडाकडून? आणि गज कसला?

उशिराचा_शिकारी

ताई, बोल्ट काढून मागूनच घालतो. चेंबरमध्ये गाइड नाही मात्र, तसाच अंदाजाने. गज रायफलीबरोबरच्या सफाईच्या डब्यात आला होता तो, अॅल्युमिनियमचा, तीन तुकडे जोडायचे.

वहीवाला

म्हणजे या महिन्यात चार पूर्ण सफाया त्या गजाने केल्यात? अहो, सांध्यावर नखाने बोट फिरवून बघा, पायरी लागेल. ती पायरी दर फेरीला चेंबरच्या पुढच्या कडेवर आपटते, जिथे गोळी रायफलिंग धरते तिथेच. शिवाय अॅल्युमिनियम मऊ, त्यात वाळूचे कण रुतून बसतात आणि मग तो गज न राहता कानस होतो. एकसंध गज घ्या, वरून प्लास्टिकचा लेप असलेला, मुठीत बेअरिंग असलेला, म्हणजे चिंदी पिळाबरोबर फिरते. दर फेरीआधी तो फडक्याने पुसा. सोबत तुमच्या अॅक्शनच्या, म्हणजे बोल्ट सरकतो त्या भागाच्या, मापाचा गाइड घ्या, म्हणजे गज मध्यभागी राहतो आणि सॉल्व्हंट ठिबकत चाप-कळीत जात नाही. ब्रश तोंडाबाहेर पूर्ण काढून मगच मागे ओढा, आणि तोंडाच्या कडेवरून हळू, तिथे चरा पडला तर प्रत्येक गोळी वाकडी जाईल.

मागून गज घालता येत नाही अशी, म्हणजे लिव्हरवाली वगैरे रायफल असेल तर दोरीचा पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी, वापरा. तोच, खाकीभाऊंच्या नावातला.

खाकी_पुलथ्रू

शेवटी आलात ना माझ्याकडे. फक्त दोरी सरळ ओढा, तोंडाच्या कडेला घासून तिरकी नाही. आमच्या पलटणीत निम्म्या रायफलींच्या तोंडाला दोरीने पडलेली खाच होती.

उशिराचा_शिकारी

नखाने बघितलं. पायरी आहे. दोन्ही सांध्यांवर.

डबा सासऱ्यांनीच भेट दिला होता, त्यामुळे गज "हरवला" असं सांगणार आहे. हा धागा त्यांना दाखवायचा बेत रद्द.